घोषणा ऐकायच्या, द्यायच्या नाहीत

गेल्या रविवारी मुलगा रात्रपाळी उरकून थेट आमच्याकडे आला. वर्दी अंगावरच होती. हिने चहा टाकला, तोवर त्याने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "आबा, पेन्शनच्या विकल्पाचा फॉर्म आहे. बाजारावरच्या योजनेत राहायचं की नव्या हमीच्या योजनेत जायचं. एकदा भरला की भरला. तुम्ही सांगा, काय करू."

मी सदतीस वर्षं पोलीस खात्यात काढली. १९८४ ला शिपाई म्हणून लागलो, ३१ मे २०२१ ला सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलो. पंचनामे लिहिले, विहिरीतून प्रेतं काढली, दंगलीत दगड खाल्ले, आणि कुठल्याही फिर्यादीला काय सांगायचं ते मला कधी अडलं नाही. त्या कागदापुढे मात्र बराच वेळ तोंडातून शब्द फुटेना. मला जुनी पेन्शन आहे. त्याला नाही. ज्या वाटेने मी चाललोच नाही तिथले खड्डे त्याला कसे सांगणार?

गेली काही वर्षं पेन्शनवर पेपरात आणि टीव्हीवर खूप बोललं गेलं. शिक्षक बोलले, जिल्हा परिषदेचे कर्मचारी बोलले, नेते बोलले, अर्थतज्ज्ञ बोलले. पोलीस बोलला नाही. त्याला बोलता येत नाही. १९६६ च्या पोलीस दले हक्कांवर निर्बंध अधिनियमाने त्याला संघटना, सभा, निदर्शनं या सगळ्यांना मनाई आहे. मी आता वर्दीत नाही, म्हणून लिहितोय. पोलीस लाईनीत, बंदोबस्ताच्या गाडीत, ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी जे कानावर येतं तेच यात आहे.

आधी माझ्या घरचं सांगतो. माझे वडील परळच्या गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आमचं घर बसलं. वडील कराडजवळच्या गावी परत आले ते दोन लुगडी, एक ट्रंक आणि फंडाचे थोडे पैसे घेऊन. म्हातारपणी तंबाखूच्या पुडीलाही माझ्याकडे हात पसरायचे, आणि हात पसरताना माझ्याकडे बघायचे नाहीत. त्यांनीच मला भरतीला ढकललं. "पगार कमी का असेना, पेन्शनीची नोकरी आहे," एवढंच बोलले. आमच्या भागात मुलगी देताना लोक विचारायचे, पोरगा कुठं आहे? पोलिसात आहे म्हटलं की पुढचा प्रश्न नसायचा. त्या उत्तरात पगारापेक्षा पेन्शनच जास्त होती.

त्याच साली, १८ ऑगस्ट १९८२ ला, मुंबईत पोलिसांचा उठाव झाला होता. स्वातंत्र्यदिनाला शिपायांनी काळ्या फिती लावल्या, तीन दिवसांनी त्यांच्या पुढाऱ्यांना पकडलं, आणि शहर पेटलं. कितीतरी शिपाई बडतर्फ झाले, संघटना मोडली. मी खंडाळ्याला ट्रेनिंगला गेलो तेव्हा ती जखम ओली होती. उस्ताद परेडनंतर सांगायचे, "मागायचं असेल तर अर्ज करा. ओरडायचं नाही." तेव्हापासून खात्याचं तेच वळण आहे. गेल्या वीस वर्षांत आमच्या पोरांची पेन्शन बदलली, तेव्हाही त्यांनी अर्जच केले.

बदलली ती अशी. राज्य सरकारने १ नोव्हेंबर २००५ ही रेघ आखली. त्या दिवशी किंवा नंतर जो लागला त्याला जुनी पेन्शन नाही, त्याला परिभाषित अंशदान योजना. बोलताना आम्ही डीसीपीएसच म्हणायचो. पुढे तीच राष्ट्रीय पेन्शन योजनेला, एनपीएसला जोडली. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या दहा टक्के शिपायाचे कापायचे, सरकारनेही आधी दहा आणि नंतर चौदा टक्के घालायचे, आणि ते पैसे फंड मॅनेजरने गुंतवायचे. निवृत्तीला जे जमेल त्यातलं साठ टक्क्यांपर्यंत हातात, उरलेल्या किमान चाळीस टक्क्यांची विमा कंपनीकडून वार्षिकी घ्यायची. त्या वार्षिकीचं जे काही महिन्याला येईल ती पेन्शन. महागाई वाढली म्हणून ती वाढत नाही.

माझं गणित वेगळं होतं. शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, तीस हजार. त्यातला चाळीस टक्के भाग मी विकला, म्हणजे अंशराशीकरण केलं. त्याचे बारा लाखांच्या आसपास आले, त्यातून घराचा वरचा मजला झाला. विकलेला भाग पंधरा वर्षांनी परत सुरू होईल. महागाई भत्ता मात्र पूर्ण तीस हजारांवर मिळतो, म्हणून आज हातात तेहतीस-चौतीस हजार येतात. शिवाय माझा जीपीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, वेगळा होता. २०११ ला मुलीच्या लग्नात त्यातून अडीच लाख उचलले, कचेरीतल्या क्लार्कने आठ दिवसांत बिल काढून दिलं. एनपीएसमध्ये स्वतःच्या कापलेल्या पैशातले फार तर पंचवीस टक्के, तेही ठरावीक कारणांना आणि सगळ्या नोकरीत मोजक्याच वेळा काढता येतात. सुनेच्या ऑपरेशनच्या वेळी मुलाने सोसायटीचं कर्ज काढलं, एनपीएसला हात लावला नाही.

रेघ कागदावर ओढणं सोपं असतं. ठाण्यात ती कशी दिसते ते मी बघितलंय. माझ्या शेवटच्या ठाण्यात दोन पोरं एकाच मोटारसायकलवर रात्रगस्त घालायची. एक माझ्या मुलाच्या तुकडीतला, २००८ चा. दुसऱ्याची भरतीची जाहिरात २००५ मध्ये रेघेच्या आधी निघाली होती, पण हजर व्हायला २००६ उजाडलं. दोघांनाही डीसीपीएस होती. मग जानेवारी २०२४ ला मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की ज्यांची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची आहे, त्यांना जुन्या पेन्शनचा विकल्प द्यायचा. राज्यात सुमारे २६ हजार कर्मचाऱ्यांना त्याचा लाभ होणार होता. त्यातला एक हा. गाडी एक, गस्त एक, बॅटरीही दोघांत एक. आता एकाची पेन्शन ठरलेली आहे आणि दुसऱ्याची बाजारावर. ज्याला मिळाली त्याने ठाण्यात पेढे वाटले नाहीत. मला घरी येऊन सांगितलं, "आबा, त्याच्यासमोर खुशी दाखवायला बरं वाटंना."

मार्च २०२३ चा संप तुम्हाला आठवत असेल. १४ ते २० मार्च, राज्यभर सरकारी-निमसरकारी कर्मचारी, सतराएक लाख माणूस बाहेर. मुलाची ड्युटी जिल्हाधिकारी कचेरीसमोर लागली होती. सात दिवस बॅरिकेडला टेकून उभा. समोर हजारो लोक, शिक्षक, तलाठी, नर्सबाई, आणि एकच आरोळी: एकच मिशन, जुनी पेन्शन. मोर्च्यात त्याचे शाळेतले मास्तर होते. त्यांनी बॅरिकेडपाशी येऊन त्याला हळूच विचारलं, "तुला पण नाही ना रे?" तो म्हणाला, "नाही सर." मास्तरांनी त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि परत जाऊन घोषणा द्यायला लागले.

रात्री त्याने मला फोन केला. दमलेला होता. म्हणाला, "आबा, दिवसभर माझीच मागणी ऐकली. तोंड मिटून." मी त्याला धीर द्यायला हवा होता, पण मी नुसतं "जेवलास का" एवढंच विचारलं. ते अजून मला टोचतं.

संप मिटला तो समिती नेमण्याच्या शब्दावर. त्याआधी डिसेंबर २०२२ ला नागपूरच्या अधिवेशनात देवेंद्र फडणवीसांनी सांगितलं होतं की जुनी पेन्शन दिली तर राज्यावर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल. त्या आकड्याने लाईनीतली बरीच पोरं गप्प झाली. पोलीस हा शेवटी शेतकऱ्याचा पोरगा. तिजोरी रिकामी झाली तर गावाकडचं धरण, रस्ता, दवाखाना थांबणार हे त्याला कळतं. मलाही कळतं. सरकारची अडचण खोटी आहे असं मी म्हणत नाही. पेन्शनर वाढलेत, माणसं जास्त जगतायत, आणि पेन्शनसाठी वेगळा साठा कधी केलाच नव्हता, दर वर्षीच्या महसुलातूनच भागवत आलो. पण त्याच विधानसभेत एक मुदत पूर्ण केलेल्या माजी आमदाराला महिन्याला पन्नास हजार पेन्शन आहे, आणि पाचाच्या वरच्या प्रत्येक वर्षाला दोन हजार जास्त. हे पोलिसाला माहीत आहे. आमदारांच्या बंगल्यावर गार्ड म्हणून तोच उभा असतो. बोजा सगळ्यांनी मिळून उचलायचा म्हटलं असतं तर पोलीस सगळ्यात आधी खांदा देता.

लष्कराचाही विषय निघतोच. सैन्यदलं एनपीएसमध्ये नाहीत. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांनाही जुनी पेन्शन द्यावी असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ ला दिला होता, पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. निकाल आला त्या दिवशी आमच्या जुन्या तुकडीच्या ग्रुपवर रात्री एक वाजेपर्यंत मेसेज पडत होते. राज्य पोलिसांचा त्यात कुठे संबंधही नव्हता. तरी पोरांना वाटलं, आपलाही नंबर कधीतरी लागेल.

मग १ मार्च २०२४ ला मुख्यमंत्री एकनाथ शिंदेंनी विधानसभेत सुधारित योजना जाहीर केली. शेवटच्या पगाराच्या पन्नास टक्के, अधिक महागाईवाढ, आणि त्याच्या साठ टक्के कुटुंब निवृत्तिवेतन. त्याच वर्षी २४ ऑगस्टला केंद्राने युनिफाइड पेन्शन योजना आणली आणि दुसऱ्याच दिवशी राज्याच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. दोन्हींत ठरलेल्या पेन्शनची हमी आहे. टीव्हीवर लोक म्हणाले, झालं, जुनी पेन्शन परत आली. लाईनीत तसं कुणी म्हटलं नाही. लाईनीतल्या माणसाला कागद खालून वर वाचायची सवय असते. फिर्यादीत खरी गोष्ट शेवटच्या ओळींत असते.

पोलिसाची नजर पहिल्यांदा कुठे गेली माहीत आहे? पन्नास टक्क्यांवर नाही, साठ टक्क्यांवर. आपल्यामागे बायकोला काय. आमच्या १९८४ च्या तुकडीत आम्ही बेचाळीस जण होतो. अकरा जण गेले. त्यातले सात जण नोकरीत असताना, दोन जण निवृत्तीनंतर वर्षाच्या आत. हृदय, साखर, किडनी. बारा-बारा तासांची ड्युटी, आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात चार दिवस पायांवर उभं राहणं, लगेच मोहरम, लगेच गणपती, मग निवडणूक. जेवणाची वेळ नाही, झोपेची तर नाहीच. माझे दोन्ही गुडघे गेलेत, मी जिना उलटा उतरतो. अशा माणसाला म्हातारपणाची योजना दाखवली की तो आधी विचारतो, मी म्हातारा झालोच नाही तर?

तर ते साठ टक्के. ऐकायला भरघोस वाटतात. पण साठ टक्के कशाचे, तर पेन्शनचे. पगाराच्या निम्म्याचे साठ टक्के म्हणजे पगाराचे तीस टक्के. जुन्या पेन्शनमध्येही सुरुवातीची काही वर्षं सोडली तर कुटुंबाला पगाराचे तीस टक्केच मिळतात. म्हणजे तिथे जास्त काही मिळालं नाही, गेलं होतं ते परत आलं. हे मी एका शिपायाला वहीवर मांडून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "मग चांगलंच आहे की, परत आलं ना." त्याचंही खरं आहे.

कारण मधली वर्षं फार वाईट होती. मुलाच्या तुकडीतला एक पोरगा २०१२ ला रात्रपाळी करून गावी निघाला असताना ट्रकला धडकून गेला. चार वर्षांची नोकरी. बायको चोवीस वर्षांची, मुलगी आठ महिन्यांची. आम्ही सगळे गेलो, सलामी झाली. मग तिचे कागद सुरू झाले. तेव्हा डीसीपीएसवाल्याच्या घरच्यांना कुटुंब निवृत्तिवेतन नव्हतं. खात्यात जमलेले पैसे मिळायचे. तेही तिला लवकर मिळाले नाहीत, कारण पहिल्या वर्षीच्या काही महिन्यांच्या कपाती पगारपत्रकात होत्या आणि खात्यात नव्हत्या. मी तिच्याबरोबर एका कचेरीत पाच वेळा गेलो. पाचव्या वेळी तिथल्या माणसाने तिला विचारलं, "चिठ्ठ्या सांभाळून ठेवल्या नाहीत का?" तिने कडेवरच्या मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पिशवीतून नवऱ्याच्या पगाराच्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. दोऱ्याने बांधलेल्या, तारखेवार लावलेल्या. नवऱ्याच्या हातचं वळण होतं त्यावर. तो माणूस त्यानंतर गप्प बसला आणि त्याने चहा मागवला. पुढे तिला अनुकंपावर नोकरी लागली. त्या नोकरीतही तिला एनपीएसच आहे.

२०१८ ला सरकारने दहा वर्षांच्या आत गेलेल्या कर्मचाऱ्याच्या घरच्यांना दहा लाखांचं सानुग्रह अनुदान ठरवलं. आणि संपानंतर, ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने एनपीएसवाल्यांना कुटुंब निवृत्तिवेतन, रुग्णता निवृत्तिवेतन आणि उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, लागू झालं. त्या संपातून पोलिसांच्या घरी खरोखर पोचलं असेल तर ते हे. आम्ही घोषणा न देता आम्हाला मिळालं, आणि ज्यांनी दिल्या त्या मास्तरांचे आणि नर्सबाईंचे उपकार आहेत. त्या अपघातात गेलेल्या पोराच्या बायकोनेही कागद जमवून अर्ज दिला.

आता नव्या योजनेबद्दल पोलिसांचं एक मत आहे असं समजू नका. वेगवेगळी आहेत, आणि प्रत्येकाला आपलं कारण आहे.

अनुकंपावर उशिरा लागलेल्या, किंवा लष्करातून येऊन पोलिसात भरती झालेल्या माणसाची सेवा पंचवीस वर्षं भरत नाही. युनिफाइड योजनेत पूर्ण पन्नास टक्के पंचवीस वर्षांना आहेत, त्याखाली प्रमाणात, आणि दहा वर्षं भरली तर किमान दहा हजार. अशा बाईमाणसांना, ज्यांच्या एनपीएसच्या खात्यावर दहा-बारा लाखच जमलेत, ते दहा हजार फार मोठे वाटतात. बारा लाखांच्या चाळीस टक्क्यांची वार्षिकी किती येणार, दोन-अडीच हजार. त्यांनी विचार न करता हमीकडे सरकावं असं मला वाटतं. लष्करातून आलेल्यांचं मात्र निराळं आहे. त्यांना तिकडची पेन्शन चालूच आहे, त्यामुळे ते निवांत असतात आणि दुसऱ्यांना सल्ले देतात.

चाळिशी ओलांडलेल्यांना स्वेच्छानिवृत्तीचं पडलेलं असतं. शरीर थकलं, साहेबाशी पटेना, पोरं हाताशी आली, की पोलीस पन्नाशीत बाहेर पडायचा विचार करतो. जुन्या पेन्शनमध्ये बाहेर पडला की पुढच्या महिन्यापासून पेन्शन सुरू. केंद्राच्या युनिफाइड योजनेत स्वेच्छेने गेलात तर पेन्शन सुरू होते ती मूळ निवृत्तीच्या तारखेपासून. म्हणजे पन्नाशीला बाहेर पडलेल्याने आठ वर्षं काय खायचं? कारकुनाला अठ्ठावन्न गाठता येतात. बीटवरच्या हवालदाराला नेहमी येत नाहीत. मला विचाराल तर पोलिसासाठी या योजनेतली सगळ्यात दुखरी ओळ ही आहे, आणि तिच्याबद्दल बाहेर कुणी चकार शब्द काढत नाही.

आणि तरुण पोरं, पंचविशीतली, त्यांचा सूर मला आधी कळतच नव्हता. त्यांना एनपीएस वाईट वाटत नाही. मोबाईलवर त्यांचा प्रान नंबर, म्हणजे एनपीएस खात्याचा नंबर, टाकून ती आकडा बघतात, वाढला की खूश होतात. एक फौजदार, एमपीएससीतून आलेला, हुशार मुलगा, मला म्हणाला, "काका, हमीच्या योजनेत माझं सगळं खातं सरकारजमा होतं. मी आणि बायको गेल्यावर पोरांना शून्य. एनपीएसमध्ये साठ टक्के तर माझ्या हातात येतात." तो फारसं चुकीचं बोलत नाही. हमीच्या योजनेत हातात एकरकमी येते ती दर सहा महिन्यांच्या सेवेला पगाराचा दहावा हिस्सा. छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला सात-सव्वासात महिन्यांचा पगार, उपदान वेगळं. अंशराशीकरण नाही. केंद्राच्या युनिफाइड योजनेत खात्यातले साठ टक्क्यांपर्यंत काढता येतात, पण मग पेन्शन त्या प्रमाणात कमी होते. माझा वरचा मजला ज्या पैशातून झाला ती सोय तशी नाही.

माझ्या मुलाचं मन नेमकं इथे अडकलंय. त्या रविवारी आम्ही वही घेऊन बसलो. त्याचा मूळ पगार बेचाळीस हजार, महागाई भत्ता धरून पासष्ट. महिन्याला साडेसहा हजार त्याचे कापले जातात, नऊ हजारांवर सरकार घालतं. खात्यावर एकोणीस लाख आहेत. निवृत्तीला एकोणीस वर्षं बाकी. तो म्हणतो, हे वाढत वाढत दीड-दोन कोटींवर जाईल. मी म्हटलं, जाईलही. पण मार्च २०२० ला तू नाकाबंदीत उभा होतास तेव्हा काय झालं होतं? तेव्हा खात्यावरचा आकडा थोडा खाली आला होता. फार नाही, कारण सरकारी कर्मचाऱ्याचा शेअरमधला वाटा ठरावीक मर्यादेतच असतो, तरी त्याने मला रात्री दोन वाजता स्क्रीनचा फोटो पाठवला होता. तोंडाला मास्क, हातात काठी, आणि खिशात तो आकडा.

सून स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "आबा, मला एक सांगा. आत्याबाईंना तुमच्यामागे किती मिळतील हे तुम्हाला आज माहीत आहे ना?" मी म्हटलं, हो, अठरा हजार आणि त्यावर महागाई. "मग मला पण असा एक आकडा पाहिजे. कोटी नकोत." आणि आत गेली. मुलगा वहीकडे बघत राहिला.

हे तिला सोपं आणि त्याला अवघड का, याचा मी आठवडाभर विचार करतोय. मी हमीच्या बाजूचा आहे, लपवत नाही. माझ्या वडिलांचा पसरलेला हात मी विसरलेलो नाही. पण मुलाला निर्णय सांगण्याआधी मला काही गोष्टींची उत्तरं हवी होती, म्हणून सोमवारी मी स्वतः एका कचेरीत जाऊन बसलो. विचारलं: जुन्या पेन्शनरांना दर वेतन आयोगाला वाढ मिळते, सुधारित योजनेतल्यांना मिळणार का? आजारपणाने स्वेच्छानिवृत्ती घेतली तर पैसे कधीपासून? रजा बिनपगारी झाल्याने कपातीत जे खंड पडलेत ते व्याजासकट भरायचे कुणी? आणि निलंबन काळातलं काय, कारण पोलीस कधी निलंबित होईल याचा नेम नसतो, नंतर निर्दोष सुटला तरी? टेबलावरची बाई चांगली होती, तिने सगळं लिहून घेतलं. म्हणाली, "काका, वरून मार्गदर्शन आलं की कळवते. मी स्वतः पण अजून फॉर्म भरला नाही."

पोलिसांना विचाराल तर त्यांची मागणी एवढीच आहे की फॉर्म पुढे सरकवण्याआधी कुणीतरी ठाण्यात यावं. हजेरीच्या वेळी सगळे एकत्र असतात, अर्धा तास द्यावा. ज्याची सेवा चौदा वर्षं भरणार त्याचं गणित फळ्यावर मांडावं, ज्याची छत्तीस भरणार त्याचंही मांडावं. सायबर गुन्ह्यांवर येतात, व्यसनमुक्तीवर येतात, मग यावर का नाही? पोलीस मोर्चा काढू शकत नाही, तर निदान त्याला समजावून सांगायची जबाबदारी तरी ज्यांनी मोर्च्याला बंदी घातली त्यांची आहे. हे मी फार तळमळीने लिहितोय.

मुलगा काल परत बंदोबस्ताला गेला. फॉर्म माझ्या कपाटात आहे, माझ्या पीपीओच्या, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाच्या शेजारी, तारीख टाकायची जागा तेवढी कोरी. जाताना तो म्हणाला, "आबा, सुधारित योजनेत खरोखर निवृत्त झालेला एक तरी माणूस शोधा. त्याच्या पासबुकात पहिली पेन्शन किती पडली ते बघू, मग ठरवू."

म्हणून वाचणाऱ्यांना विचारतो. पोलीस असो, शिक्षक असो, तलाठी असो, तुमच्या माहितीत असा कुणी असेल तर मला कळवा. नाव नको, खातं नको. सेवा किती वर्षांची झाली, शेवटचा मूळ पगार किती होता, निवृत्तीची तारीख आणि पहिली पेन्शन खात्यात पडली ती तारीख आणि रक्कम, एवढं पुरे. मी वहीत एक पान मोकळं ठेवलंय.